चांगदेव मास्तरांची व्यसनमुक्ती

चांगदेव मास्तरांनी उभ्या आयुष्यात विडीसुद्धा ओढलेली नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण अवसरी गावात सध्या हे ऐकून घ्यायला कुणाला सवड नाही.

मास्तर आयटीआयमध्ये फिटरचं काम शिकवून निवृत्त झाले. हातांना चाळा हवा होता. रिकामपणी कुणी बांधावरून भावाशी भांडतं, कुणी पारावर बसून सरकार चालवतं. मास्तरांना तंबाखूच्या जुन्या पाइपांचा नाद लागला. ओढायचा नव्हे, दुरुस्त करायचा. बुधवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जायचं, कुणा मेलेल्या साहेबाचा काजळीनं बुजलेला, दातांनी चावलेला पाइप शोधून आणायचा आणि पडवीतल्या टेबलाशी ठाण मांडून बसायचं. आतला काळा थर बोथट चाकूनं हळूहळू खरवडायचा. पाइपच्या वाटीत मीठ आणि स्पिरिट भरून रात्रभर ठेवायचं, म्हणजे जुना वास जातो. हिरवट पडलेली रबरी नळी पॉलिश पेपरनं घासून पुन्हा काळीभोर करायची आणि शेवटी मेण चोळायचं. लाकडातल्या रेषा वर आल्या की मास्तर बायकोला हाक मारत. जानकाबाई हात पुसत येत, बघत आणि म्हणत, "छान हाय. पन त्याचं करायचं काय?"

असे अकरा पाइप खिडकीतल्या फळीवर ओळीनं उभे होते, आणि कुणाच्या बापाचं काही बिघडलं नव्हतं.

घोळ झाला तो बाराव्यानं. पाइप नीट झाला का, हे बघायची एकच रीत आहे. तो रिकामाच तोंडात धरून, न पेटवता, ओढून बघायचा. हवा सरळ आली तर काम झालं. शिट्टी वाजली तर नळीत अजून घाण आहे. मास्तर पडवीत डोळे मिटून तसं ओढून बघत होते, आणि तेवढ्यात विहार कमिटीचा सचिव रुपेश मोटारसायकलवरून समोरून गेला. गेला कसला, थांबला. फोटो काढला आणि विहाराच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आपले मास्तर आणि पाचवं शील', आणि तीन हसरे चेहरे.

आता यात चेष्टा काय आणि दुखणं काय, ते सांगायला हवं. गेली चौदा वर्षं दर रविवारी विहारात वंदना मास्तरच घेत आले. पंचशील ते पुढं म्हणणार आणि सगळा विहार मागून. चौथं शील खोटं न बोलण्याचं, पाचवं नशेपासून लांब राहण्याचं. मास्तरांना जगात दुसरा कसला मान नव्हता, आणि नकोही होता.

दुसऱ्या दिवशी कमिटीचे अध्यक्ष भागूतात्या रुपेशला घेऊन घरी आले. रुपेशनं आत यायच्या आधी अंगणात जाऊन तोंडातली तंबाखू थुंकली, चूळ भरली आणि मग जयभीम घातला.

"मास्तर, लोकं लई बोलाय लागल्यात," तात्या म्हणाले.

"तात्या, पाइप रिकामा व्हता! हा घ्या, हुंगून बघा. मेणाचा वास येतोय का तंबाखूचा?"

तात्यांनी पाइप हातात घेतला नाही. "आमचा इस्वास हाय हो. पन फोटो हाय ना. ह्या रविवारी रुपेश वंदना घेईल, असं ठरलंय."

"कुणी ठरवलं? मला न इचारता?" मास्तरांचा आवाज चढला. "ज्याची चूळ अजून माझ्या अंगणात वाळली न्हाई, तो लोकांना शील देनार?"

"मास्तर, तंबाखूचं वेगळं असतंय," रुपेश म्हणाला. "ती समदेच खात्यात."

मग तात्यांनी खालच्या आवाजात तोडगा काढला. मास्तरांनी पाइप सोडला, असं रविवारी चारचौघांत एकदा म्हणायचं. कमिटी त्यांचा सत्कार करील, आणि वंदना लगेच पुन्हा त्यांच्याकडं.

"जे धरलंच न्हाई, ते सोडू कसं?"

"धरलं व्हतं म्हना की. तेवढ्यानं काय व्हतंय?"

मास्तर तरातरा आत निघून गेले. दारात उभ्या जानकाबाई तात्यांना म्हणाल्या, "तुमी जावा, मी घालते समजूत." पाहुणे गेल्यावर त्या आत आल्या. "अहो, म्हना ना एकदा. चौदा वर्सांचं काम एका शब्दापायी का घालवताय?"

"त्या एका शब्दासाठीच चौदा वर्सं घालवली मी," मास्तर म्हणाले आणि जेवले नाहीत. त्यांना सगळ्यांचाच राग आला होता. बायकोचा जास्त, कारण ती प्रेमानं सांगत होती.

रविवारी ते नेहमीसारखे पांढऱ्या कपड्यांत वेळेआधी विहारात पोचले. दारावर फ्लेक्स होता: 'व्यसनमुक्तीबद्दल चांगदेव मास्तरांचा जाहीर सत्कार'. मधोमध तोच डोळे मिटलेला फोटो, आणि कुणी हौसेनं पाइपमधून धूरही काढून दिला होता.

हॉल भरला होता. तात्यांनी शाल उलगडली, माईक हातात दिला. सगळे कौतुकानं बघत होते, आणि ते कौतुक मास्तरांना शिवीसारखं झोंबलं. जानकाबाई बायकांत पुढं बसल्या होत्या. त्यांनी डोळ्यांनीच विनवलं.

"मी कधी तंबाखू ओढली न्हाई," मास्तर माईकवर म्हणाले. "त्यामुळं सोडलीबी न्हाई. पाचवं शील शिकवता यावं म्हनून चौथं मोडायला सांगताय तुमी मला, ते बी बुद्धासमोर. लाज वाटाय पायजे."

त्यांनी माईक रुपेशच्या हातात कोंबला, शाल तात्यांच्या खांद्यावर टाकली आणि ते शेवटच्या सतरंजीवर, चपलांच्या शेजारी जाऊन बसले. जानकाबाई उठल्या, आणि पुढची जागा सोडून त्यांच्या बाजूला येऊन बसल्या.

रुपेशनं वंदना सुरू केली. पहिली तीन शीलं निभावली. चौथ्याला आवाज बसला. पाचव्याला 'सुरामेरय' हा पहिलाच शब्द म्हणाला आणि अडकला. पुन्हा म्हणाला, पुन्हा अडकला. आधी पुढची पोरं मागं वळली, मग बाया, मग तात्या. सगळा विहार हात जोडून चपलांकडं बघत थांबला.

मास्तरांना वाटलं, गप्प बसावं. बसू दे अडकून, हीच त्यांची शिक्षा. दातांवर दात दाबून ते तसे बसलेही. पण शील अर्धं म्हणून सोडायची त्यांच्या जिभेला सवय नव्हती. जागचे न हलता, जळत्या छातीनं, एकेक शब्द ठोकत त्यांनी पाचवं शील शेवटपर्यंत म्हटलं. आणि चौदा वर्षांच्या सवयीनं सगळ्या विहारानं ते जसंच्या तसं, त्यांच्या रागासकट, मागून म्हटलं.