ताईच्या पडद्याचा उजेड

डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर ताईला उजेड सोसेना. तिच्या लॅपटॉपचा पडदा मात्र कायम भगभगीत. उजेड कमी करायची कळ दाबली की कोपऱ्यातली पट्टी निमूट खाली यायची, पडदा तसाच. तिच्या भूमितीच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं आणि दुसऱ्या कुठल्या कीबोर्डवर तिची बोटं चालत नव्हती.

"फेकून द्या, मामा," भाचा फोनवर म्हणाला.

मी आयुष्यभर ग्रंथालयात सूच्या केल्या. संगणकाचा गाभा, म्हणजे सगळं चालवणारा मूळ प्रोग्रॅम, कर्नल, निवृत्तीनंतर पुस्तकं वाचून शिकलो. निदान तसं मला वाटतं. त्यात कळीचा हुकूम पडद्यापर्यंत पोचवायच्या दोन वाटा सापडल्या. कर्नल पहिलीवर विसंबून होता आणि आमच्या मशीनमध्ये ती कुठेच पोचत नव्हती. अशा हट्टी मशीनांची कर्नलमध्येच एक यादी होती. यादीतल्यांना दुसऱ्या वाटेने न्यायचं. यादी म्हटल्यावर जरा धीर आला. मी आमच्या मशीनची नोंद केली, नवा कर्नल तयार केला.

पडदा ढिम्म.

तीन दिवसांत ती नोंद अकरा वेळा तपासली. चूक दिसेना, तेव्हा आपल्याला ती दिसण्याइतकी अक्कल नाही, असं ठरवून टाकलं.

चौथ्या दिवशी सकाळी मशीन सुरू करताना ताई काळा चष्मा लावून मागे उभी राहिली. सुरुवातीचा तो काळा पडदा तेवढा तिला बघवायचा.

"या दोन ओळी कसल्या रे?"

"दोन कर्नल. वरचा जुना, खालचा माझा. ओळखू यावा म्हणून त्याला तुझं नाव दिलंय."

"मग वरचा का निवडतोस?"

"मी कुठे निवडतोय? तो आपोआपच..." मी उजळलेल्या वरच्या ओळीकडे पाहिलं. काही निवडलं नाही तर दहा सेकंदांनी वरचाच सुरू होतो. तीन दिवस जुनाच चालत होता. माझ्या कर्नलला कुणी हाकसुद्धा मारली नव्हती!

"धन्य आहेस! शाळेतही बरोबर आलेलं उत्तर खोडायचास."

मशीन पुन्हा सुरू केलं. खालची ओळ निवडली. कळ दाबली.

पडदा एक पायरी उतरला. आणखी एक. आणखी एक!

"झालं!" मी ओरडलो. माझा एवढा आवाज मीच कधी ऐकला नव्हता.

ताईने चष्मा काढून टेबलावर ठेवला, खुर्ची पुढे ओढली आणि प्रकरणाचं नाव टाइप केलं.

"थांब, एकदा तपासून..." मी हात पुढे केला.

तिने तो फटकन बाजूला सारला.

"हात लावशील तर बघ! बरोबर आहे ते."