कोबेच्या कुकरचा एक तास

मी एक जुना कुकर आहे. हसू नका, मित्रांनो! तुमच्या ओट्यावरच्या कुकरचा पणजोबा शोभेन असा, चांगला खोलीएवढा. जपानातल्या कोबे शहरात, एका छोट्या कारखान्यात मी राहतो. करीची आणि तांदळाच्या पेजेची बंद पाकिटं माझ्या पोटात वाफेवर शिजतात, म्हणून ती महिनोन् महिने टिकतात. करी दुकानांत जाते. पेज जाते वृद्धाश्रमांत, दात गेलेल्या आजी-आजोबांकडे.

तरुणपणी काय तोरा होता माझा! पाहुणे यायचे, माझ्याबरोबर फोटो काढायचे. मग माझ्या दाराची रबरी रिंग झिजली, वाफ गळू लागली आणि तापायला मला वेळ लागू लागला. पेज विभागाचे ओगावासान ('सान' म्हणजे आपलं 'जी') रोज सगळ्यांच्या आधी येऊन मला तापवायचे आणि जाताना वाकून म्हणायचे, "ओत्सुकारेसामा." म्हणजे, दमलास रे बाबा! तक्रार मात्र त्यांनी कोणाकडेच केली नाही.

एक दिवस मालक निशिओसान म्हणाले, "करीच्या पाकिटावर नफा जास्त मिळतो. पेज बंद करू आणि पाकिटं भरायचं नवं यंत्र घेऊ."

ओगावासानचा चेहराच पडला. त्यांचं काम जाणार होतं आणि त्या म्हाताऱ्यांची पेजही. मला तर रडू कोसळलं. पण माझं रडणं म्हणजे नुसतं फुस्स!

नव्या यंत्राआधी एकदा हिशेब तपासावा, म्हणून आयटी कंपनीतून कौमुदीसान आली. पुण्याची पोरगी, मोठी चौकस. सगळी यंत्रं फिरून पाहिली, आकडे लॅपटॉपमध्ये घातले आणि सरळ बोलली.

"निशिओसान, करीची एक खेप शिजते, तेवढ्या वेळात पेजेच्या दोन निघतात. पाकिटाचा नफा बघू नका, कुकरच्या तासाचा बघा."

"आणि तांदूळ महागला तर?"

मला वाटलं, आता पोरगी गप्प बसणार. छे!

"तेही बदलून पाहिलंय. पेजेच्या पाकिटाचा नफा करीच्या निम्म्याखाली घसरला, तरच उत्तर बदलतं. तोवर खपेल तेवढी पेज करा, उरलेल्या वेळात करी. पाकिटं भरायचं यंत्र आत्ताच अर्धा दिवस रिकामं असतं. त्याचा तास वाढवून हातात काहीच येणार नाही. कुकरचा एक तास वाढवलात, तर तेवढी करी जास्त निघेल."

काय सांगू, मित्रांनो! अख्ख्या कारखान्यात सगळ्यात मोलाचा तास माझा निघाला. ऊर भरून आला हो!

"पण तो जादा तास आणायचा कुठून?" निशिओसाननी विचारलं. तेवढ्यात मी फुसफुसलो.

कौमुदी खुदकन हसली. "आमच्या घरी कुकर असा फुसफुसला की आई आधी रिंग बदलते!"

ओगावासान लालबुंद झाले. "मला ठाऊक होतं. पण नव्या यंत्राचं चाललं होतं, त्यात जुन्याचं गाऱ्हाणं कसं घालणार? म्हटलं, तुम्हाला उगाच त्रास."

निशिओसान त्यांच्यापुढे खोल वाकले. "विचारायला मी हवं होतं."

नवी रिंग आली, नव्या यंत्राचा बेत रद्द झाला आणि मी पुन्हा झटपट तापू लागलो; हवा होता तो जादा तास त्यातच निघाला. ओगावासान आता सगळ्यांबरोबरच येतात. पेजेची पाकिटं आजही वृद्धाश्रमांत जातात. निशिओसान रोज सकाळी माझ्या दाराशी थांबतात आणि ओगावासानना विचारतात, "काही हवंय का?"

मित्रांनो, तुमच्याही घरात असं कोणीतरी असेल. त्याच्यावाचून सगळ्यांचं अडतं, पण ते स्वतः कधी काही मागत नाही. त्याला आजच विचारा. सगळ्यांच्याच वाट्याला कौमुदी येत नाही.