दाऊदभाईंची कापडी जास्वंद

मी एक जास्वंद आहे, पण झाडावर उमललेली नाही. केडगावच्या एका फुलांच्या दुकानात, जुन्या लाल ओढणीतून आणि तारेतून माझा जन्म झाला. मला घडवलं दाऊदभाई फुलाऱ्यांनी. त्यांची मुलगी आफ्रीन तेव्हा नववीत होती आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिला फुलाचे भाग दाखवायचे होते.

खरी जास्वंद समोर ठेवून दाऊदभाईंनी मला शिवलं. पाच पाकळ्या, मधोमध तारेची नळी, तिच्यावर पिवळ्या लोकरीचे ठिपके.

शेजारचे नारळवाले पुंजाराम म्हणाले, "दाऊदभाई, आता कापडाची फुलं इकणार व्हय? वास कुठून आननार?"

"अत्तर लावीन," दाऊदभाई हसले. "लेकीचं काम हाय. लई हुशार हाय ती."

प्रदर्शनाच्या दिवशी आफ्रीननं माझ्यावर चिठ्ठ्या टाचल्या. पाकळ्यांवर दलपुंज, ठिपक्यांवर परागकोश, नळीच्या टोकाला कुक्षी. शेवटी एक चिठ्ठी तिच्या हातातच उरली, निदलपुंजाची. पाकळ्यांना खालून धरणारी ती हिरवी वाटी मला नव्हतीच.

ही चूक कशी झाली ते मला ठाऊक होतं. दर्ग्यावर चढवायच्या फुलांच्या चादरीसाठी गुलाब हातात घेतला की दाऊदभाई आधी त्याची हिरवी वाटी खुडतात. तीस वर्षांची सवय. समोरच्या जास्वंदीचीही त्यांनी नकळत खुडली आणि उरलं त्यालाच फूल समजून मला केलं.

विज्ञानाच्या मैत्रेयी मॅडमनी विचारलं, "निदलपुंज कुठे गेला गं?" मुली खुदकन हसल्या. आफ्रीनचे कान तापले.

"मी नाही केलं, मॅडम. अब्बूंनी केलंय. त्यांना काय कळतं?"

दाऊदभाई दारातच उभे होते. इस्त्रीचा शर्ट घालून, वर्गातल्या मुलींसाठी गजरे घेऊन आले होते. गजरे त्यांनी शिपायाकडे दिले आणि ते माघारी गेले.

आफ्रीननं मला दुकानात आणून ठेवलं. दाऊदभाईंनी हिरव्या कापडाची वाटी शिवून मला लावली. रागावले नाहीत. पण त्यानंतर ते तिच्या शाळेत कधीच गेले नाहीत. पालकसभा असो की बक्षीस समारंभ, "तू जा बेटा, मला काय कळतं?" एवढंच म्हणायचे. आफ्रीन मान खाली घालून निघून जायची. 'चुकलं माझं' हे दोन शब्द तिच्या ओठांपर्यंत येऊन परत फिरताना मी फळीवरून कितीदा पाहिलेत.

आज ती वनस्पतिशास्त्र शिकायला पुण्याला निघाली. "येते अब्बू," म्हणून गेली. तिची रिक्षा वळली तसं दाऊदभाईंनी दुकान पुंजारामांवर सोपवलं, मला पिशवीत तोंड बाहेर ठेवून घातलं आणि नगरचं स्टँड गाठलं.

आफ्रीन गाडीजवळ उभी होती. भोवती मैत्रिणी, आणि निरोप द्यायला आलेल्या मैत्रेयी मॅडम. त्यांना पाहताच दाऊदभाई रसवंतीच्या आडोशाला थांबले. पुढे पाऊल पडेना. आफ्रीन सारखी मान वळवून रस्त्याकडे बघत होती. शेवटी ती चढली आणि गाडी सुटली.

आता मी पुन्हा फळीवर आहे. रंग विटलाय, एका पाकळीची तार बाहेर आलीये. दाऊदभाई पुढ्यात गुलाबांची पाटी घेऊन बसलेत, पण हात चालत नाहीत.

"भेटली का पोरगी?" पुंजारामांनी विचारलं.

"व्हय, भेटली की."

आफ्रीन, तू कुठवर पोचलीस कोण जाणे. माफी मागणं जमत नसेल तर राहू दे. एक फोन कर आणि हक्कानं भांड त्यांच्याशी. म्हण, "अब्बू, स्टँडवर का नाही आलात? मी वाट बघत होते."