मांडवाचा खर्च

"कापड वाळवाले टाईम काय लागते? ऊन पडलं का वाळते," रूपराव म्हणाले आणि हसले. "हे बी लिवा लागते का तुह्या कॉलेजात?"

छायानं मान डोलावली. गोदामात गुंडाळून ठेवलेल्या सतरंज्यांवर ती बसली होती. समोर तिचे सासरे रूपराव आणि त्यांच्याकडे मांडव बांधणारे डोमाजी छताचं पिवळं कापड उलगडून भोकं शोधत होते. उंदरांनी यंदा एक कोपराच नेला होता. डोमाजींनी तोंडातला दोरा तोडला आणि पुन्हा सुई ओवायला घेतली. छायानं त्यांना हे काम नेहमी किती वेळ चालतं ते विचारलं, तर ते म्हणाले की पाऊस संपला की सुरू होतं आणि संपलं असं कधी वाटत नाही.

सेलूतलं रूपरावांचं बिछायत केंद्र जुनं. लग्न असो की तेरवी, मांडव, भांडी, खुर्च्या, सतरंज्या इथूनच जायच्या. छाया सून म्हणून आली तेव्हा तिचं बी.कॉम. झालेलं होतं. मग दोन मुली झाल्या. धाकटी शाळेत जायला लागल्यावर एकदा जेवताना रूपरावांनीच विषय काढला, की एवढी शिकलेली पोर घरात बसून खुर्च्यांच्या पावत्या फाडते हे काही त्यांना बरं वाटत नाही. तिचा नवरा धनंजय टेम्पोतून मालाची ने-आण करायचा. तो दुसऱ्याच आठवड्यात वर्ध्याच्या एका कॉलेजातून एम.कॉम.चा फॉर्म घेऊन आला.

आता शेवटचं वर्ष होतं आणि त्यात एक पेपर होता, स्ट्रॅटेजिक कॉस्ट मॅनेजमेंट. वर्गातल्या पोरापोरींना तो रटाळ वाटायचा. छायाला मात्र त्या तासाची ओढ लागायची. सकाळच्या बसमध्ये खिडकीजवळ बसून ती आदल्या दिवशीचं वाचून काढायची, आणि तेवढा वेळ तिला कुणी काही मागत नसे. शिकवायला सपना मॅडम होत्या. एकूण खर्च किती झाला हे कुणीही सांगेल, त्या म्हणायच्या. तो कोणत्या कामापायी झाला ते शोधा, आणि ते काम गिऱ्हाइकाला हवं आहे का, हे विचारा. प्रत्येकानं एखादा चालता धंदा घेऊन हे प्रत्यक्ष करून दाखवायचं होतं. छायानं घरचाच घेतला. सोपं जाईल असं तिला वाटलं होतं.

हिवाळाभर ती बघत राहिली. टेम्पोत बसून गावोगावी गेली. बांबू कसे निवडतात, चिरलेले किती निघतात, भिजलेली कनात वाळवायला किती माणसं अडकतात, सगळं विचारत राहिली. संक्रांतीपर्यंत उत्तर स्पष्ट झालं आणि ते तिला आवडलं नाही. घर चालत होतं भांड्यांवर आणि खुर्च्यांवर. लग्नं आता लॉनवर व्हायची. ज्यांना दारात मांडव लागायचा त्यातले बरेचजण वर्ध्याहून लोखंडी पाइपांचा मागवायचे. खुर्च्यांनी मिळवलेलं कापडी मांडव खात होता. आणि त्याच्या खर्चात मजुरी म्हणून जो मोठा आकडा होता, तो म्हणजे डोमाजी. मिसरूड फुटायच्या आधीपासून ते रूपरावांसोबत होते.

तिनं अहवालाच्या शेवटच्या पानावर 'मांडव विभागात सुधारणेस वाव आहे' असं लिहून टाकलं.

सपना मॅडमनी तास संपल्यावर तिला थांबवून घेतलं. "बाकी सगळं तू मनापासून केलंयस. हे शेवटचं पान मात्र तुझं वाटत नाही."

छायानं त्यांना घरचं सांगितलं. डोमाजींचंही सांगितलं.

"माणसाला काढा, असं हा विषय म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "त्याचे हात आज कुठं खर्च होतात आणि कुठं व्हायला हवेत, एवढं बघ. पण जे दिसलं ते आधी घरी बोल. लिहिणं नंतर. तोवर मी थांबते."

त्यानंतर छाया दुसऱ्या बाजूनं बघायला लागली. दर हंगामात पातेली, पराती, झारे कमी होऊन यायचे. काहींना पोचे पडलेले असायचे. घाईत कुणी मोजत नसे. हे नुकसान हिशोबात कुठंच धरलेलं नव्हतं, कारण ते मजुरीसारखं डोळ्यांसमोर नसायचं. ते टळलं तर डोमाजींची मजुरी त्यातून निघेल असं दिसलं आणि तिला थोडा धीर आला.

रविवारी सकाळी धनंजय अंगणात टेम्पो धूत होता आणि रूपराव ओट्यावर चहा घेत बसले होते. छायानं बोलायला सुरुवात केली. मनात ठरवलेली वाक्यं भलत्याच क्रमानं बाहेर पडली, पण तिनं सगळं सांगितलं. धनंजयनं नळ बंद केला.

रूपरावांनी कप खाली ठेवला. "मले कईचंच मालूम हाय," ते म्हणाले. "धनंजयले बी मालूम हाय. कोणी बोलत नाई." मग म्हणाले, "डोमाजीले काय सांगू, तेवढं सांग."

"भांडे मोजून देणारा, मोजून घेणारा माणूस आपल्यापाशी नाई, मामाजी. ते काम काकाले देऊ. मजुरी तेवढीच राहीन."

"त्याले ते आवडन का?"

"मालूम नाई," छाया म्हणाली. तिला खरोखरच माहीत नव्हतं.

डोमाजींना रूपरावांनी स्वतः सांगितलं. डोमाजींनी सायकल काढली आणि ते गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, त्यानंतरही नाहीत. रूपराव दुकानात जाऊन बसायचे, पण पानावरून अर्धपोटीच उठायचे. ते छायाला काही बोलले नाहीत. बोलले असते तर तिला सोपं गेलं असतं. दुसरा एखादा धंदा घेऊन सगळं नव्यानं करावं असं तिच्या मनात आलं, आणि तसं ती धनंजयला म्हणालीही. तो म्हणाला की आता तिनं लिहिलं नाही तरी बोललेलं पुसलं जाणार नाही.

आठवड्याभरानं डोमाजी आले. दुकानात न जाता थेट घराच्या दारात उभे राहिले.

"बाई, तुमच्या हिशोबात मांडव बंद म्हणते?"

"हो, काका."

"मंग आखरीचा एक बांधतो. केळझरच्या तानबाले जबान देली हाय. त्याच्या पोरीचं लगन हाय."

छाया म्हणाली, "मी बी येतो."

"येजो," डोमाजी म्हणाले.

केळझरला तानबाच्या घरापुढं सकाळपासून काम चाललं. रूपरावांनी बऱ्याच वर्षांनी स्वतः खड्डे खणले. डोमाजी आडव्या बांबूवर चढून बसले आणि खालून छाया कापड वर देत गेली. त्यांनी त्याला बोटांनी चुण्या घातल्या, सगळ्या सारख्या, मध्यावर आणून त्यांचं मोठं फूल केलं. उंदरांनी कुरतडलेला कोपरा एका चुणीत असा बसवला की शोधूनही दिसू नये. एका बांबूला छायानं सुतळी बांधली. डोमाजी खाली उतरले, त्यांनी ती सोडली आणि पुन्हा बांधली. रूपराव हसायला लागले, मग डोमाजीही. दुपारी बायका हळदीसाठी आत येऊन बसल्या तेव्हा त्यांचे चेहरे, भिंती, पाण्याचे हंडे, सगळं पिवळं झालं होतं. नवरीची आजी मान वर करून छताकडे बघतच राहिली. छायाला वाटलं, याचा रकाना आपल्या हिशोबात नाही. पण लॉनवर जाणारे हे बघायला परत येणार नव्हते, हेही तिला माहीत होतं.

त्या आठवड्यात तिनं शेवटचं पान नव्यानं लिहून दिलं: मांडव बंद, ते हात भांड्यांवर.

भांड्यांचं काम डोमाजींना आवडलं असं कुणी म्हणू शकलं नसतं. पण एका झाऱ्यासाठी ते तेरवीच्या घरीसुद्धा परत जायचे, आणि पराती परत यायला लागल्या. गिऱ्हाइकं कुरकुरायची. रूपराव त्यांना समजावायचे आणि मनातून खूश असायचे.

श्रावणात निकाल लागला. छाया पास झाली. त्या पेपरात तर वर्गात तिचेच गुण जास्त होते. मुलींनी पुन्हा पुन्हा गुणपत्रिका बघितली. धनंजयनं पेढे आणले. रूपराव घरी नव्हते, म्हणून ती पुडा घेऊन आधी डोमाजींकडे गेली.

डोमाजींच्या अंगणात दोडक्याचा मांडव होता. गोदामातले बांबू त्यांनी मागून नेले होते. चारी बाजूंनी वेल चढले होते, पिवळी फुलं आली होती, आणि खाली बाजेवर रूपराव बसले होते. समोर मोडक्या खुर्चीवर डोमाजी होते. दोघं कोणत्या तरी जुन्या लग्नाबद्दल बोलत होते.

छायानं पेढे दिले आणि दोघांच्या पाया पडली. डोमाजींनी पेढा अर्धा मोडून कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. चहा ठेवायला सांगतो म्हणून ते आत गेले. ती उन्हात उभी होती. रूपराव बाजेवर थोडे सरकले आणि त्यांनी शेजारच्या जागेवर हात ठेवला.

सासऱ्यांच्या शेजारी ती आजवर कधी बसली नव्हती. तिनं पदर सावरला आणि बसली.