दुपारी दोन ते चार

ती चौदा नंबरची बस चालवायची, म्हणून डेपोत सगळे तिला चौदावाली म्हणत. झोपेत तिचा श्वास मध्येच अडायचा. तीन वर्षं ती नाकावर मास्क चढवून, हवेच्या मशीनला नळीने जोडून घेऊन झोपत होती, आणि त्या मशीनशी तिचं छान जमलं होतं. पण ते म्हातारं झालं, घरघरायला लागलं. क्लिनिकने ते परत घेऊन नवं दिलं.

नवं फारच हुशार निघालं. जुनं बिचारं रात्रभर एकसारखी हवा सोडायचं. हे आधी अगदी हळू सुरू व्हायचं आणि श्वास अडतोय असं दिसलं की जोर वाढवायचं. वर रोजच्या झोपेला शंभरपैकी गुण देऊन सगळा अहवाल आपणहून क्लिनिकला पाठवायचं. महिन्याला त्याची एक प्रत डेपोत जायची, कारण बस चालवणारी माणसं नीट झोपतात की नाही, हे डेपोला कळायला हवं.

पहिल्या आठवड्यात ती मेटाकुटीला आली.

"हे हवा देतंय की उपकार करतंय?" तिने क्लिनिकमधल्या टेक्निशियन मुलीला फोनवर विचारलं.

"सवय होईल, ताई. संध्याकाळी टीव्ही बघताना अर्धा तास लावून बसत जा. आणि पट्टे आडवं पडल्यावरच आवळा."

मग ती रोज संध्याकाळी मास्क लावून भाजी निवडायला बसू लागली. समोर अप्पा, तिचे वडील. एकतीस वर्षं त्यांनी एका गोदामावर रात्रपाळीचा पहारा केला होता. त्या काळात आपला डोळा कधी लागला नाही, हे ते भेटेल त्याला सांगत, आणि सांगता सांगता बरेचदा त्यांना डुलकी लागे.

"सोंड फुटली का गं तुला?" ते म्हणायचे. "आम्ही आपला श्वास आपण घ्यायचो."

ती मास्कातून काहीतरी बोलायची. शब्द कळायचे नाहीत, पण अर्थ पोचायचा.

हळूहळू हवेची सवय झाली. पट्ट्यांचं मात्र काही जमेना. रात्री बरोब्बर बसवलेला मास्क दुसऱ्या रात्री ढिला. हवा थेट डोळ्यात. शेवटी तिने पेनाने खुणा केल्या, तरी तेच.

"रोज माझं डोकं लहान होतंय का?"

"नाही हो ताई, डोकी इतक्या लवकर बदलत नाहीत," टेक्निशियन म्हणाली.

महिना संपला आणि डेपो मॅनेजरने तिला केबिनमध्ये बोलावलं. भला माणूस. कुणाला रागवायची वेळ आली की तो टेबलावरच्या पेनाशी बोलायचा.

"मंगळवारी दुपारी दोन ते चार तुम्ही झोपला होता," तो पेनाला म्हणाला.

"मंगळवारी दोन ते चार मी बस चालवत होते, साहेब."

"तेच तर! बुधवारी पण. गुरुवारी पण."

"म्हणजे मी मास्क लावून, नळी लावून, झोपेत बस चालवली आणि एकही प्रवासी काही बोलला नाही?"

मॅनेजरने खरंच विचार केला. "तक्रार तर आलेली नाही."

शेवटी त्याने क्लिनिकला फोन लावून स्पीकरवर ठेवला. टेक्निशियनने अहवाल उघडून दोन्ही वेळांचे आकडे ताडून पाहिले.

"साहेब, रात्री ताईंसाठी मशीनला तासाला दोन-तीनदा जोर वाढवावा लागतो. दुपारी अडतीसदा. हे एकच माणूस असेल असं मला वाटत नाही."

चौदावालीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि घर गाठलं. किल्लीने हळूच दार उघडलं. तिच्या पलंगावर अप्पा पडले होते. नाकावर मास्क, त्याखाली मिशा चपट्या झालेल्या, दोन्ही हात छातीवर. ती चांगली झाडायच्या तयारीने आली होती. पण वडिलांना असं गाढ झोपलेलं तिने जन्मात पाहिलं नव्हतं. ती स्वयंपाकघरात जाऊन चार वाजेपर्यंत बसून राहिली.

अप्पा उठले, तिला पाहून दचकले. "मशीनवर लक्ष ठेवत होतो."

"डोळे मिटून?"

त्यांनी मास्क काढला, नीट पुसून ठेवला. "एकदा गंमत म्हणून लावला. उठलो तर डोकं इतकं हलकं, की माझंच आहे का ते चाचपून पाहिलं."

"मग सांगायचं ना, अप्पा!"

"वॉचमनला झोप आवडते, हे कुणाला सांगू?"

तिला हसू आलं, पाठोपाठ डोळेही भरून आले. दुसऱ्याच दिवशी ती त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. तपासणी झाली आणि अप्पांना त्यांचं स्वतःचं मशीन मिळालं. मॅनेजरने चुकीची नोंद खोडली आणि पेनाची नव्हे, तिची माफी मागितली.

आता अप्पा रोज सकाळी क्लिनिक उघडायच्या आधीपासून फोन लावत बसतात.

"काल मला किती मिळाले? ब्याण्णव? आणि आमच्या मुलीला?"

"आजोबा, ही परीक्षा नाही हो."

"मग गुण कशाला देता?" अप्पा विचारतात, आणि चौदावाली डबा भरता भरता कान टवकारते.