नखं गेली, रेघा उरल्या

मित्रांनो, मी एक जुनी आरामखुर्ची आहे. ऑर्लीनबाईंच्या नवऱ्यानं, व्हर्ननं, मला मेपलच्या लाकडातून घडवलं आणि वर हिरवं लोकरी कापड चढवलं. अमेरिकेतल्या डुलुथ शहराचे कितीतरी कडाक्याचे हिवाळे दोघांनी आळीपाळीनं माझ्यात बसून काढले. पुढं व्हर्न गेला, आणि टॅफी मांजर आली.

टॅफी रोज सकाळी माझ्या उजव्या हाताशी उभी राही, अंग ताणी आणि खर्र खर्र ओरबाडी. कापड फाटलं, आतला कापूस डोकावू लागला. मला भारी राग यायचा. 'हिची नखं एकदाची जावोत,' असं मी मनात म्हटलं होतं. मित्रांनो, ते मी अजून विसरले नाही.

मग घर विकून बाई म्हाताऱ्या माणसांच्या इमारतीत राहायला आल्या. तिथं नियम होता, नखं काढलेलंच मांजर चालेल. बाईंना वाटलं, नखंच तर आहेत! टॅफी दवाखान्यातून परत आली ती पुढच्या दोन्ही पंजांना पट्ट्या बांधून. मांजराचं नख बोटाच्या शेवटच्या पेरातून उगवतं. तिची दहा पेरं कापली होती. जखमांना वाळू टोचू नये म्हणून तिच्या शी-शूच्या पेटीत वाळूऐवजी फाडलेलं वर्तमानपत्र घातलं, तरी पाय टेकताना ती थबके.

आताही ती रोज सकाळी येते. अंग ताणते. जुन्याच रेघांवरून मऊ पंजे ओढते. आवाज येत नाही.

परवा शेजारचे लायल कोटात मांजराचं नवं पिल्लू घेऊन आले. सोमवारी त्याची नखं काढायची होती. आणि टॅफीचे हाल पाहिलेल्या बाई तर, असं नखं काढणं बंद करा म्हणून राज्याच्या विधानसभेत, सामान्य लोकांचं म्हणणं ऐकतात त्या सुनावणीत, तीन मिनिटं बोलायला जाणार होत्या.

"बंदी आणाल, ऑर्लीनबाई, आणि हे इमारतवाले म्हणतील मांजरच नको. मग मी याला कुठं ठेवू?"

"भांडू की त्यांच्याशी! नाहीतरी पत्त्यांत माझ्याकडून हरण्यापलीकडं तुम्हाला काम काय असतं?"

"हरतो कसला! तुम्ही पत्ते लपवता!"

तेवढ्यात पिल्लानं उडी मारली आणि माझा उजवा हात धरला. खर्र खर्र.

खिडकीत निजलेल्या टॅफीचे कान उभे राहिले. ती हळूहळू आली. पिल्लाशेजारी उभी राहिली, त्याच रेघांवर पंजे टेकले आणि ओढले. एकदा. दोनदा. मग थांबून तिनं स्वतःचाच पंजा हुंगला.



"तीन मिनिटं मलाही मिळतील का हो?" लायल म्हणाले, आणि सोमवारची वेळ रद्द करायला त्यांनी फोन उचलला.

कायदा होईल का, मला ठाऊक नाही. झाला तरी टॅफीची पेरं परत येणार नाहीत. मित्रांनो, तुमच्या घरी मांजर असेल तर तिला ओरबाडायला माझ्यासारखं काहीतरी जुनं द्या. फाटलेलं कापड शिवता येतं.

उजवा हात टॅफीचाच राहील. डावा अजून कोरा आहे. तो मी त्या पिल्लासाठी ठेवलाय.