नीलकांतीचं तीर्थ

हडपसरच्या त्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर सोजरबाईंची कुंडी. तीन महिन्यांपूर्वी तिच्यात गुलाबी फुलांचे गेंद होते. नव्या बहरात आले ते निळेशार! बायका हात जोडून उभ्या, पुरुष मोबाइल उंच धरून.

"पाहा!" बजरंग महाराज गरजले. "ही आमची नीलकांती! आमचं तीर्थ घाला, की घरातला रोग मुळावाटे ओढते नि फुलात सोडते. फूल निळं झालं, म्हणजे या माउलीची साखर फुलात उतरली. माउली, सुया बंद!"

सोजरबाईंनी इन्सुलिनची पेटी महाराजांच्या पायाशी ठेवली. "परवापासनंच बंद हाय, महाराज."

मागे उभ्या चंद्रभागाबाईंनी ते ऐकलं. कॉलेजच्या रसायनशाळेत तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेली ही बाई आज महाराजांची फिरकी घ्यायलाच आली होती. त्यासाठी दोन कुंड्या जिन्यात लपवल्याही होत्या. पण आता ही थट्टा उरली नव्हती. गेल्या साली साखरेपायी सोजरबाईंच्या पायाचं एक बोट कापावं लागलं होतं, आणि इस्पितळात डबा चंद्रभागाबाईंनीच पोचवला होता.

जिन्यातून दोन्ही कुंड्या घेऊन चंद्रभागाबाई पुढे आल्या. एक निळी, एक गुलाबी.

"महाराज, ही निळी आपणच सोजरच्या हाती मला धाडलेली. मला साखर नाही. मग माझं काय उतरलं?"

"दुसरा रोग असेल. गुप्त!"

"असेलही. पण आपलं तीर्थ मी पहिल्याच दिवशी मोरीत ओतलं. रोग मोरीचा गेला असावा."

हॉलमध्ये खसखस पिकली. महाराज दटावणार, तोच चंद्रभागाबाईंनी टेबलावरची तीर्थाची बाटली उघडली.

"सोजर, हात पुढे कर."

"नको! ते फक्त झाडाला!" महाराज ओरडले. पण तीर्थ म्हटल्यावर सोजरबाईंचा तळहात कधी मागे राहिलाय? सवयीनं घोट घेऊन त्यांनी हात डोक्यावरून फिरवला, आणि त्यांचं सगळं तोंड आक्रसलं.

"अगं बया! ही तर तुरटी हाय! आपल्या पिंपात फिरवतो ती!"

टँकरचं गढूळ पाणी तुरटीनं निवळून पिणाऱ्या त्या सोसायटीला ही चव कुणी समजावून सांगायला नको होती. बाटली हातोहात फिरली, तशी तोंडं वाकडी होत गेली.

"माझं झाड पिंपाच्या तळाचं पाणी पिऊन निळं झालं," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "शंका आली, म्हणून नर्सरीतून याच जातीचं दुसरं झाड आणलं आणि मातीचा आंबटपणा मारायला त्याला चुना घातला. ते गुलाबी राहिलं. माती आंबट असली आणि तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम मुळांना मिळालं, की फूल निळं होतं. ही घरच्या कुंडीसाठी काढलेली हायड्रेंजियाची नवी जात, वर्षातून दोनतीनदा फुलते. नीलकांती हे बारसं महाराजांनी केलं."

"नास्तिकांच्या सावलीत आम्ही थांबत नाही!" महाराज चपला शोधू लागले.

"सावकाश जा. बाटली राहू द्या, आम्हाला पिंपात लागेल."

सोजरबाई मात्र हसल्या नाहीत. "चंद्राताई, मग माझी साखर?"

"रक्तात. तिथेच मोजू."

शेजारच्या घरातून मागवलेल्या साखर मोजायच्या यंत्रावर आकडा आला: तीनशे ब्याऐंशी. महाराजांच्या रिकाम्या खुर्चीपाशी पडलेली पेटी सोजरबाईंनी स्वतःच्या हातानं उचलली. चंद्रभागाबाईंनी डॉक्टरांना फोन लावला आणि मग त्या लोकांकडे वळल्या.

"चमत्कार दिसला तर जरूर बघा. पण त्यानंतर घरी दोन कुंड्या मांडा, एक महाराजांच्या तीर्थाची, एक बिनतीर्थाची. स्वतः करून पाहा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका. बोटं पुन्हा फुटत नाहीत."

सोजरबाईंनी निळ्या गेंदांकडे पाहिलं. "ह्या झाडाचं काय करू गं?"

"पाणी घाल," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "त्यानं कुठं कुणाला फसवलंय?"